लाल सायकलच्या डावीकडची

धाकटीचा चष्मा सायकलला अडकवलेल्या हेल्मेटमध्ये होता, आणि सायकल कुठे होती, देव जाणे!

पोहणं झालं होतं. आता सायकल, मग पळणं. पण भोंगा वाजायच्या आत सायकल घेऊन स्टँडबाहेर पडायचं, नाहीतर शर्यत तिथेच संपली. सकाळी तिने खूणगाठ बांधली होती: लाल सायकलच्या डावीकडची माझी. आता लाल सायकलच दिसेना! अहो, लाल सायकलवाली काय हिच्यासाठी थांबणार होती? जन्मभर शिवणकाम केलेली बाई. खडूची खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, आणि इथे खूण ठरवली ती दुसऱ्याच्या सायकलवरून.

ती एका रांगेतून गेली, दुसरीतून परतली. सगळं धुरकट. मधूनच एखादी काळपट सायकल दिसे, पण शेजारी लाल काही नाही, म्हणजे आपली नव्हे. चाचपून पाहावं, तर दुसऱ्याच्या सायकलला हात लावला की बाद, असं शर्यतीच्या शिट्टीवाल्या पंचाने सकाळीच बजावलेलं. ही रांग मघाचीच का? की ती अजून यायचीय? तिला काही कळेना.

कुंपणापलीकडे ताई होती. दुकानात कापड धाकटीने कापायचं आणि काजं-बटणं ताईने करायची, ही तीस वर्षांची रीत. रीत कसली, ताईला धीरच नाही! धाकटीचा स्वेटर ताईने विणून पुरा केला, धाकटीचे फॉर्म ताईने भरले. धाकटीचं वाक्यसुद्धा ताईच पुरं करते. म्हणून तर पन्नाशी उलटल्यावर ही पोहायला शिकली. एक काम, फक्त एक, शेवटपर्यंत आपल्या हातचं हवं होतं तिला.

पण आता कसली जिद्द अन् कसलं काय!

"ताई, कुठे आहे गं माझी सायकल?" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

उत्तर नाही. धाकटी आणखीच गोंधळली. ताई आणि गप्प? कुंपणाशी दिसतेय ती ताईच आहे ना?

"दोन मिनिटं!" शिट्टीवाला ओरडला.

"माझ्यामागे पाण्यात कुणी आहे का हो?"

"कुणी नाही, मावशी. तुम्हीच शेवटच्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे पुढे गेले, तर मागे उरलेली सायकल कुणाची असणार? अगं बाई! ती काळपट सायकल दर वेळी एकच होती.

ती धावली, हेल्मेटमध्ये हात घातला. चष्मा!

सायकल ढकलत कुंपणाशी आली तेव्हा तिला ताई नीट दिसली. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले आणि डोळ्यांतून धारा.

"तुला दिसत होती?"

ताईने हात काढले. "चारदा तिच्यासमोरून गेलीस गं बये! जीव नुसता कासावीस झाला माझा!"

"मग बोलली का नाहीस?"

"बाहेरच्या कुणी सांगितलं तर तुला बाद करणार म्हणाला हा शिट्टीवाला. पळ आता!"

धाकटी फाटकाबाहेर पडली आणि मागे भोंगा वाजला. सायकलवर टांग टाकून तिने वळून पाहिलं. "ताई, तू ना..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ताईने ते वाक्य पुरं केलं नाही.