पान सोडायचे का?

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. कोणी पानावर काही लिहून ते जतन न करताच निघाले, की मी आडवी येते आणि विचारते, "केलेले बदल जतन झालेले नाहीत. पान सोडायचे का?" माझ्या अंगावर दोनच बटणे आहेत, 'थांबा' आणि 'सोडा'. एवढाच माझा संसार.

एका घाईतल्या प्रोग्रामरने मला वृद्धांच्या शुश्रूषागृहासाठी बनवले. तिथे प्रत्येक आजी-आजोबांचे एक पान होते. औषधे, झोप, जेवण, आणि सगळ्यात खाली 'त्यांच्या शब्दांत' नावाचा रकाना. पहिल्याच आठवड्यात मी एका सिस्टरचे अर्धे पान वाचवले. ती म्हणाली, "देवासारखी धावून आलीस गं बाई!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण माझ्यात एक खोट राहून गेली होती. लिहिलेले नीट जतन केले, तरी मी आडवी येत असे. काही न लिहिता नुसते पान उघडले, तरीही. प्रोग्रामरला दोनदा कळवले. "पुढच्या आठवड्यात बघतो," तो म्हणाला. तो आठवडा काही उजाडला नाही. मग मोठ्या सिस्टरने सगळ्यांना शिकवून टाकले, "ती चौकट उगाच कटकट करते. आली की 'सोडा' दाबायचं आणि मोकळं व्हायचं." लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तो निदान गंमत तरी करत होता. मला तर खोटे बोलायचेच नव्हते.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते, एकेकाळचे वेल्डर. हळूहळू ते सगळे विसरत चालले होते. मुलगी दर रविवारी यायची, त्यांची नखे कापायची आणि विचारायची, "बाबा, माझ्या लग्नाला का नाही आलात?" एकवीस वर्षे तिला ते ठसठसत होते. आजोबा भिंतीकडे बघत. तिने धाकट्या सिस्टरला सांगून ठेवले होते, "कधी बोललेच, तर लिहून ठेवा हं. शब्द न् शब्द."

आणि एका मंगळवारी सकाळी आजोबा बोलले! "पोरीच्या लग्नाचं सांगायचंय. लिही." पाऊण तास ते सांगत होते आणि सिस्टर टाइप करत होती. मला वाचता येत नाही, मित्रांनो. पान भरते आहे एवढेच कळत होते.

इतक्यात पलीकडच्या खोलीत एक आजी धाडकन पडल्या. त्यांची औषधे बघायला सिस्टरने घाईने त्यांचे पान उघडायला घेतले. मी आडवी आले. जीव तोडून विचारले. पण शब्द नेहमीचेच, दुसरे माझ्याजवळ कुठले? तिचे बोट 'सोडा'वर पडले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

सिस्टर परत येऊन बघते तो रकाना रिकामा. तिने आजोबांना हलवून विचारले. ते म्हणाले, "कुणाचं लग्न?"

रविवारी सिस्टर मुलीसमोर रडली. "ताई, माझं चुकलं. ऐकलेलं सगळं बोटांत जात होतं, डोक्यात काही उरलंच नाही. एवढंच आठवतंय, ते म्हणाले, मी फाटकापर्यंत आलो होतो."

"फाटकापर्यंत? मग आत का नाही आले?"

"ते... ते लिहिलं होतं मी."

मुलीने नेलकटर काढले आणि बाबांची नखे कापू लागली.

त्याच महिन्यात आजोबा गेले. माझी खोट नंतर दुरुस्त झाली. दहा मिनिटांचे काम होते म्हणे! आता मी खरे असेल तेव्हाच येते, पण बोटे सवयीने 'सोडा'कडेच जातात. म्हणून हात जोडून सांगते, मला बनवणाऱ्यांनो, मला उगाच बोलायला लावू नका. आणि मित्रांनो, बोट टेकवण्याआधी मला एकदा वाचा. मला एकदाच विचारता येते.

ती मुलगी अजून कधीतरी येते आणि बाबांचे पान बघायला मागते. बघून झाले की सिस्टर ते बंद करते. तेव्हा मी येत नाही. त्या पानावर आता हरवण्यासारखे काही नाही.