घातलेले दिवस

नवशीने एक हात अण्णांच्या मानेखाली आणि दुसरा कमरेखाली घातला आणि एका दमात त्यांना कुशीवर वळवलं. पाठीवरची लाल झालेली जागा ओल्या फडक्याने टिपली, त्यावर हलकेच पावडर मारली.

"हलके झाले बाबा," ती म्हणाली. "आमची खुडूक कोंबडी यांच्यापरीस जड."

"खाल्लं तर जड होतील ना," पायथ्याशी पेजेची वाटी घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी बकुळाबाई म्हणाल्या. "लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखं तोंड फिरवून घेतात."

एरवी या बोलण्यावर नवशी खळखळून हसली असती. आज तिने फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

"आजी, आयतवारी मी नाय येनार. रूपीच्या बापसाचे दिवस घालायचेत."

वाटीतली पेज कलंडता कलंडता राहिली.

रूपीचा बापूस म्हणजे नवशीचा नवरा लक्ष्या, तलासरीकडच्या पाड्यावरचा. पावसाळा सरला की तो गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून जायचा. मागच्या खेपेला त्याची बोट समुद्रातल्या हद्दीपलीकडे पकडली गेली. कोण कोण तुरुंगात आहे ते हळूहळू कळलं. त्यात लक्ष्या नव्हता. कुणी म्हणालं, पळापळीत पाण्यात पडला. कुणी म्हणालं, नाव सांगताना घोटाळा झाला असेल. वर्ष उलटून गेलं तरी नवशीच्या हातात बांगड्या होत्या. झाईच्या या चिकूवाडीत ती रोज सकाळी यायची, पंचाण्णव वर्षांच्या अण्णांचं सगळं करायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची.

"कोणी ठरवलं हे?"

"सासूनं. म्हनते, मी मेल्यावर माझ्या पोराचं कोन करील? त्याला भुकेलाच फिरत ठेवू काय?" नवशीने पावडरचा डबा बंद केला. "एकदा दिवस घातले की झालं. मंग तो दारात येऊन उभा राहिला तरी भूत म्हनतील. आजी, तुम्ही चला ना. बाबांचे पन दिवस घातलेले ना? आन् बाबा आले. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

ही गोष्ट झाईपासून डहाणूपर्यंत जुन्या माणसांना ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात अण्णा विमानदलात गेले होते. बॉम्ब टाकणाऱ्या विमानात मागच्या बाजूला मशीनगन धरून बसायचं, हे त्यांचं काम. एअर गनर म्हणत. चव्वेचाळीस साली आराकानच्या रानात त्यांचं विमान पडलं आणि तार आली, बेपत्ता. पुढे रजेवर आलेल्या एका ओळखीच्या शिपायाने सांगितलं की त्याने ते विमान जळताना पाहिलं. भटजी म्हणाले, प्रेत नाही, तर बारा वर्षं वाट पाहावी. सासरे म्हणाले, बारा वर्षं मी कुठला जगतोय, माझ्या हातून होऊ दे. दर्भाचा पुतळा केला, तो समुद्रावर नेऊन जाळला, पिंड दिले, गावजेवण घातलं. सतरा वर्षांच्या बकुळेच्या बांगड्या पायरीवर ठेचल्या.

आणि पुढच्या श्रावणात अण्णा रंगूनच्या तुरुंगातून सुटून वाडीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. सासूबाई किंचाळत आत पळाल्या.

भटजींनी तोडगा सांगितला. ज्याचे दिवस घातले तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. आईच्या मांडीवर बसवायचं, बारसं करायचं, मग बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे झालेले दिवस उतरले. पाट मांडले, पाळणा काढला, मुंडावळ्या आणल्या. तोवर अण्णांना बैलगाडी ठेवायच्या छपरात उतरवलं होतं; ते तिथून बाहेर आले आणि म्हणाले, "झालंय ते मोडायचं नाही." कारण विचारलं तर खाली बघत राहिले. बरेच दिवस ते छपरातच झोपले. शेवटी आईलाच राहवेना, तिने तसंच घरात घेतलं.

बकुळाबाईंच्या कपाळी कुंकू लागलं, हातात बांगड्या आल्या, मुलं झाली. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांचं बोट त्यांच्या कपाळाशी येऊन जरासं थबकायचं. कुणाची ओटी भरायला त्यांना कधी कुणी पुढे बोलावलं नाही. वाईट कुणी बोललं नाही. बोलावलं नाही, एवढंच. सत्तर वर्षं त्यांनी त्याचा एकच अर्थ धरून ठेवला होता, की या माणसाला आपल्याशी दुसऱ्यांदा लग्न करायचं नव्हतं. विचारलं मात्र कधी नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर काय करायचं?

"येते मी," त्या म्हणाल्या. "सांगते त्यांना, माझ्याकडे बघा म्हणावं. नवरा जिवंत, आणि मी जन्मभर अर्धी विधवा."

हे त्या अण्णांच्या उशाशीच बोलल्या. त्यांना फारसं ऐकू येत नाही, असं घरात सगळे धरून चालत.

"कोणाचे दिवस?" अण्णांनी विचारलं. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते.

नवशी पलंगाला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर उकिडवी बसली. तिने सगळं सांगितलं. "बाबा, तुम्हीच बोला आता. घालू देऊ का नको?"

अण्णांनी डोळे तिच्याकडे वळवले.

"घालू दे."

"अहो!" बकुळाबाई म्हणाल्या.

"वाया जात नाहीत ते. कुणाच्या तरी कामाला येतात."

"कुनाच्या, बाबा?"

"सुबोधच्या आले."

हे नाव बकुळाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्या वाटी हातात धरूनच उठल्या आणि नवशीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

अण्णा थांबत थांबत बोलले. मधेच डोळे मिटत, मधेच एक शब्द दोनदा म्हणत. सुबोध त्यांचा पायलट, खुलन्याकडचा. तो पुढे बघून बसायचा, हे मागे बघून, पाठीला पाठ लावून. गोळी त्याला लागली तेव्हा यांना दिसलंच नाही. यांनी हाक मारली, तो म्हणाला, बस, आलंच. विमान त्याने भातखाचरात उतरवलं आणि मग मान टाकली. यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, तोवर विमानाने पेट घेतला.

"मग जपानी शिपाई आले. माझे हात मागे बांधले. मी म्हटलं, याच्यावर दोन मुठी माती टाकू द्या." अण्णांची बोटं चादरीवर चाळवली. "त्यांना भाषा कळेना. खुणा करायच्या तर हात कुठे होते मला?"

नवशीने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"तो तसाच राहिला. उघडा. घरी आलो तर वडिलांनी सगळं केलेलं. पिंड, जेवण, सगळं. म्हटलं, हे त्याचं होऊ दे. मी उतरवून घेतलं असतं, तर त्याच्यापाशी काय उरलं असतं?"

"मग हे मला..." बकुळाबाई नवशीच्या खांद्यावरून पुढे वाकल्या. "मला का नाही..."

अण्णांचे डोळे मिटले होते. उघड्या तोंडातून श्वास आतबाहेर होत होता. बाहेर ओट्यावर चिकू निवडणाऱ्या बायका एकमेकींना गुजरातीतून टोमणे मारून हसत होत्या. बकुळाबाईंनी वाटी खाली ठेवली. अण्णांच्या पायांवरची गोधडी नीट केली. मग विस्कटून पुन्हा नीट केली.

"आजी," नवशी हळूच म्हणाली, "तिकडं माझ्यावाल्यासाठी कुनी असं केलं असंल का हो?"



रविवारी त्या निघाल्या. रवींद्र, त्यांचा मुलगा, रिक्षापर्यंत कुरकुरत आला. "आई, तुझं ऐकून तिथे काय थांबणार आहे?" म्हणाला, आणि तरी त्यांच्या पाठीशी उशी लावून दिली. वाटेभर त्या मनाशी वाक्यं जुळवत होत्या. जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्या भातखाचराशी येऊन अडत होतं. राग काढायचा तरी कुणावर? सुबोध पडला तेव्हा त्याला मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नसेल. आणि हा, पलंगावर, कुणी वळवल्याशिवाय वळत नाही.

पाड्यावर अंगणात माणसं जमली होती. लक्ष्याची आई ठकी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, डोकं गुडघ्यात गेलेली म्हातारी. बकुळाबाईंना पाहून तिने मान वर केली.

"तू पन सांगायला आली? ये. मास्तर आला, सरपंच आला, सगले सांगून गेले, थांब म्हनून. माझं पोर रोज राती भुकेलं येऊन उभं राहतं, त्याला कोन वाढील, ते एक बी नाय सांगत."

बकुळाबाई तिच्याशेजारी भिंतीला धरून खाली बसल्या. जुळवलेलं सगळं विसरल्या. थोड्या वेळाने ठकीने आपल्याखालचं गोणपाट अर्धं त्यांच्याकडे सरकवलं.

विधी झाले. भात, मासळी, ताडीची वाटी, जे लक्ष्याला आवडायचं ते पानावर मांडलं. मग दोघी बायकांनी नवशीला पुढे आणलं. एकीच्या हातात दगड होता. नवशीने बकुळाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"फोडू नका," बकुळाबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. कुणी तरी खाकरलं.

"उतरवायच्याच आहेत ना? मी उतरवते. तेल द्या कुणी तरी."

बांगड्या घट्ट होत्या, नवशीच्या हाताची हाडं कामाने रुंद झालेली.  तेल लावून, अंगठा आत दाबून, एकेक बांगडी बकुळाबाई पुढे सरकवत राहिल्या. ऊन चढलं. पुरुषमाणसं चुळबुळत होती, पण नव्वदीला टेकलेल्या बाईला बाजूला हो म्हणायला कुणी पुढे आलं नाही. शेवटची बांगडी मात्र त्यांच्याच हातात तडकली. नवशीच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

बाकीच्या त्यांनी पदरात बांधल्या.

"ठेवून काय करशील?" ठकी म्हणाली. "आज नाय तर उद्या तूच जाशील."

"जाईन. रूपीला दाखवून ठेवीन, कुठे ठेवल्यात त्या."

ठकीने त्यांच्या पदराकडे पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकली, तेलाची वाटी जवळ ओढली आणि उरलेलं तेल नवशीच्या मनगटावर हळूहळू चोळू लागली.