उतारावर साठ माणसं

करी रोडच्या मोरेश्वर टॉवरमध्ये दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी गाड्यांची शर्यत होते. गाडी म्हणजे एक फळी, खाली चार बेअरिंग आणि पुढचा दांडा वळवायला दोरी. इंजिन नाही, ब्रेकही नाही. ब्रेक लावलेली गाडी बाद, हा नियम या जागी टॉवर नव्हता, चाळ होती, तेव्हापासूनचा.

गाडी थांबवण्याचं काम प्रेक्षकांचं. चाळीत मे महिन्यात गाद्या उन्हात घालायला खाली आणत आणि त्याच दिवशी शर्यत ठेवत. उताराच्या शेवटी प्रत्येक बिऱ्हाडातले दोघे आपली गादी उभी धरून थांबत. गाडी येऊन गादीत घुसे. गादी धरणाऱ्याला शर्यत सर्वांत जवळून दिसे, म्हणून त्या जागेसाठी दरवर्षी भांडण होई. बक्षीस म्हणजे एक पत्र्याची बादली. बघून खूश झालेल्याने तिच्यात पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्याने ती न मोजता घरी न्यायची.

चाळ पाडली आणि दोन इमारती उठल्या. एक जुन्या भाडेकरूंची, दुसरी विक्रीची, दोन्हींना मिळून सहा मजल्यांचं पार्किंग. ताबा मिळाला त्या दिवशी बाकीचे लोक स्वयंपाकघरातल्या टाइल्स बघत होते. वसंत पेडणेकर पार्किंगमध्ये गेले आणि सहाव्या मजल्यावरून गोल फिरत खाली येणारा रॅम्प बघून त्यांचे डोळे भरून आले. वसंतराव महापालिकेत कारकून होते. शर्यतीची पहिली गाडी त्यांच्या वडिलांनी गिरणीतल्या बेअरिंगवर बांधली होती. शर्यत चालू ठेवायची, एवढी एकच गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतर हातात घेतली होती.

तिला धक्का लागला तो त्यांच्याच घरातून. त्यांची मुलगी उर्वी जाहिरात कंपनीत कामाला आहे. गेल्या वर्षी तिने शर्यत मोबाइलवरून लाइव्ह दाखवली. चाळ पाडल्यावर विरार-बदलापूरला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांना घरबसल्या दिसावं, एवढाच हेतू. त्यांना दिसलं. त्याचबरोबर चौदाव्या मजल्यालाही घरबसल्या दिसलं. लिफ्टची वाट बघून उन्हात खाली जाण्यापेक्षा पंख्याखाली आंबा खात बघणं बरं, हा शोध एका दुपारी अख्ख्या इमारतीला लागला. अडीच हजार लोकांनी शर्यत पाहिली. खाली वीसेक जण होते. बादलीत पन्नासच्या दोन नोटा, थोडी नाणी आणि शर्टाचं एक बटण निघालं. विजेत्या पद्मजाताईंनी बटण परत करायला तीन मजल्यांवर चौकशी केली. ते कोणाचंच नव्हतं.

पद्मजाताई वसंतरावांची धाकटी बहीण. बँकेतून निवृत्त झालेल्या, वजनाने भक्कम आणि उतारावर वजन कामी येतं हे ओळखून असलेल्या.

यंदा एप्रिलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत धैर्यवान यांनी वसंतरावांना बोलावलं. धैर्यवान गिरगावातलं पिढीजात घर सोडून विक्रीच्या इमारतीत आले होते. माणूस सज्जन, फक्त नियम दिसला की त्यांना खुर्ची ओढून बसावंसं वाटे.

"पेडणेकर, ज्या शर्यतीला कोणी येत नाही, तिच्यासाठी रविवारी सगळ्यांच्या मोटारी रस्त्यावर का काढायच्या?"

"अडीच हजार आले होते, काका," सोबत आलेली उर्वी म्हणाली.

"कुठे?"

"ऑनलाइन."

"माझ्या रॅम्पवर नव्हते. मी पाय टेकलेली माणसं मोजतो. यंदा खाली साठ माणसं दिसली, तर दरवर्षी एक रविवार रॅम्प तुमचा, तसा ठरावच करतो. एकोणसाठ झाली, तर ही शेवटची शर्यत."

वसंतरावांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी उर्वीला लाइव्ह बंद करायला सांगितलं.

"बाबा, विरारचा एक पापडवाला बक्षीस देतोय. पंचवीस हजार. शेवटी गाड्या पोचतात तेव्हा पाच हजार लोक बघत असले पाहिजेत, एवढीच अट. लाइव्ह बंद केलं तर आत्याला परत बटण मिळेल."

वसंतराव पेचात पडले. बक्षीस हवं तर लोक घरी हवेत, रॅम्प हवा तर लोक खाली हवेत. दोन दिवस विचार करून त्यांनी मार्ग काढला.

"थोडंच दाखव. मोबाइल एकच, शेवटच्या पांढऱ्या रेषेवर रोखलेला. वळणं बघायची असतील त्यांनी खाली यावं."

तसं त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. खाली, 'गादी आणावी' हेही लिहिलं. उत्तरादाखल बेचाळीस अंगठे आले. वसंतरावांच्या हिशेबात अंगठा म्हणजे होकार, होकार म्हणजे एक बिऱ्हाड, बिऱ्हाड म्हणजे किमान दोन माणसं आणि एक गादी. महापालिकेत सही-अंगठा झाल्यावर माणूस नंतर नाही म्हणत नसे. ते निश्चिंत झोपले.

रविवारी चार वाजता रेषेजवळ वसंतराव, उर्वी, धैर्यवान आणि वॉचमन राजरत्न एवढेच होते. गाद्यांपैकी फक्त वसंतरावांची स्वतःची, कापसाची. राजरत्नने येणाऱ्या गर्दीला अडथळा नको म्हणून फाटकाचा दांडा वर करून ठेवला होता. फाटकाबाहेरच्या गल्लीत मसाल्याच्या हंगामामुळे मोटारींना बंदी होती आणि समोरच्या चंपाबाईंच्या दुकानापुढे मिरचीची पोती रचलेली होती.

"मला धरून चार," धैर्यवान म्हणाले.

"तुम्ही स्वतःलाही मोजता?"

"माझे पाय टेकलेत."

वरून पद्मजाताईंचा फोन आला. त्या आणि यंदाचा प्रतिस्पर्धी विक्रांत सहाव्या मजल्यावर गाड्यांत बसून तयार होते.

"दादा, खाली किती जमलेत?"

वसंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. उर्वीच्या मोबाइलवर पाच हजारांच्या वरचा आकडा होता.

"भरपूर," ते म्हणाले.

"आवाज कसा नाही कोणाचा?"

"शिस्तीत उभे आहेत."

"आपल्या चाळीतले?"

"टॉवरमध्ये येऊन सुधारलेत गो. तू सोड गाडी."

त्यांनी फोन ठेवला आणि गादीचं एक टोक उचललं. "साहेब, जरा हे दुसरं टोक धराल? दोनच मिनिटं."

धैर्यवानांनी धरलं. सार्वजनिक कामात हात मागे घ्यायचा नाही, असं त्यांच्या घरात शिकवलेलं होतं.

शर्यतीचा निकाल चौथ्या मजल्यावर लागला. विक्रांत विक्रीच्या इमारतीतला, व्यायामाने कमावलेल्या अंगाचा मुलगा. त्याच्या गाडीला फायबरचं चकचकीत नाक होतं आणि हेल्मेटला दुसरा मोबाइल, कारण तो आपलं स्वतंत्र लाइव्ह करत होता. पुढे होता तोच. चौथ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या लाइव्हवर कोणीतरी हेल्मेट कुठून घेतलं ते विचारलं. विक्रांतने दुकानाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि सवलतीबद्दल सांगत असताना तो खांबावर जाऊन टेकला. खांबाला रबर होतं, त्यामुळे त्याला काही झालं नाही. सवलतीचं सांगून पूर्ण झालं.

पद्मजाताई शेजारून निघून गेल्या. शेवटचं वळण घेतल्यावर त्यांना खाली गर्दीच्या जागी भाऊ, सेक्रेटरी आणि एकच गादी दिसली.

"दादा, गाद्या कुठे?"

"लाइव्ह बघतायत," वसंतराव म्हणाले.

यापुढे बोलायला वेळ उरला नाही. गाडी गादीच्या मधोमध लागली. वसंतरावांनी टोक सोडलं आणि ते बाजूला बसले. त्यांची एक चप्पल रेषेवर राहिली. धैर्यवानांनी धरायचं कबूल केलेलं असल्यामुळे सोडलं नाही. पद्मजाताई, गादी आणि गादीला धरलेले सेक्रेटरी यांनी रेषा ओलांडली, उघडं फाटक ओलांडलं, गल्ली ओलांडली आणि चंपाबाईंच्या ब्याडगी मिरचीत प्रवेश केला. दोन पोती फुटली. लाल धूळ पहिल्या मजल्यापर्यंत गेली.

वसंतराव एका चपलेवर धावले. "पद्मे, लागला काय गो?"

"नाय रे," धुळीतून आवाज आला. "शिंक थांबत नाय. साहेब माझ्या खाली आहेत. बरे आहेत, 'सुरक्षा नियम' म्हणतायत."

इकडे मोबाइलवर जे दिसत होतं ते असं: फरशी, पांढरी रेषा, रिकामी बादली आणि एक चप्पल. गाडी डावीकडून आली आणि उजवीकडे गेली, एवढंच लोकांनी पाहिलं होतं. त्यानंतर धप्प असा आवाज आणि मग एकामागून एक शिंका. खाली प्रश्नांची रांग लागली. काय झालं. कोण शिंकतंय. चप्पल कोणाची. बदलापूरहून एका जुन्या शेजारणीने लिहिलं, 'कोणीतरी सांगा हो, इथे दूध उतू गेलं.'

उर्वीने मोबाइल फाटकाकडे वळवायला हात घातला. तेवढ्यात वसंतराव परत आले आणि त्यांनी स्टँड घट्ट धरला.

"फिरवू नको."

"बाबा, पाच हजार लोक फरशी बघतायत."

"बघू दे."

"त्यांना कळायला नको का काय झालं?"

"कळायला हवं ना," वसंतराव म्हणाले. "म्हणूनच."

जुन्या भाडेकरूंच्या इमारतीला गल्लीच्या बाजूने एकही खिडकी नाही. त्या इमारतीतली माणसं शंभर वर्षं गॅलरीत राहिली होती. गळकं छप्पर त्यांनी सोसलं, सामाईक नळ सोसला. पण खाली काहीतरी झालंय आणि ते आपल्याला दिसत नाही, हे त्यांना कधी सोसावं लागलं नव्हतं.

आधी लिफ्टचे आकडे हलले. मग जिन्यात चपला वाजल्या. गाऊनवर ओढणी घेतलेल्या बायका आल्या, कोपरापर्यंत आमरस लागलेले पुरुष आले, कोणी कुकरची शिट्टी हातात घेऊन आलं. अकराव्या मजल्यावरचे दोघे भाऊ जिन्याने डबलबेडची गादी घेऊन उतरले. "उशीर झाला का?" त्यातल्या एकाने विचारलं. सगळे फाटकाबाहेर गेले आणि दुकानापुढे पोचताच शिंकू लागले.

धैर्यवान मिरच्यांत बसले होते. डोळे घट्ट मिटलेले, कपाळ लाल. "पेडणेकर, कोण आलंय?"

"सगळे, साहेब. मोजून घ्या."

"डोळे उघडत नाहीत. आणि दुसऱ्याच्या मोजणीवर मी सही करत नाही." त्यांनी कान टवकारले. "शिंका मोजतो. माणशी एक. पुन्हा शिंकणाऱ्याचा आवाज मी ओळखीन, सोसायटीच्या सभांमध्ये प्रत्येकाचा आवाज ऐकलाय."

गल्लीत जरा शांतता पसरली, म्हणजे नुसत्या शिंका ऐकू येऊ लागल्या. धैर्यवान बोटाने मांडीवर खूण करत राहिले. पन्नासपर्यंत भराभर आले. पुढे वेग मंदावला. सत्तावन्न. अठ्ठावन्न. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची शिंक बराच वेळ येतेय-येतेय असं करून अखेर आली.

"एकोणसाठ," धैर्यवान म्हणाले आणि थांबले.

कोणी शिंकेना. जे शिंकायचे ते शिंकून झाले होते. वसंतराव चंपाबाईंकडे वळले.

"चंपाबाई, तुम्ही तरी."

"तीस वर्षं बसलेय इथे," चंपाबाई म्हणाल्या. "मला आता फक्त धुपाने येते. आणि माझ्या पोत्यांचं कोण बघणार?"

वसंतरावांनी तोंड फिरवलं आणि नाकाने बऱ्यापैकी आवाज काढला.

"ही पेडणेकरांची," धैर्यवान म्हणाले. "खोटी आहे. शिवाय तुम्हाला आधीच धरलंय."

वसंतरावांनी उरलेली चप्पल काढली आणि ते पायरीवर बसले. वडिलांची पहिली गाडी त्यांच्या माळ्यावर होती. ती आता तिथेच राहणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पद्मजाताई शेजारी येऊन बसल्या. "खोटं बोललास ना मला," त्या म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती.

तेव्हा फाटकातून विक्रांत आला. चौथ्या मजल्यावरून तो गाडी ओढत चालत आला होता आणि अजून बोलतच होता. "तर मित्रांनो, आपण आता खाली पोचलोय, आणि इथे बरीच..." पुढचा शब्द झाला नाही. बंद हेल्मेटच्या आत मोठा स्फोट झाला आणि काच आतून धूसर झाली.

सगळ्यांनी धैर्यवानांकडे पाहिलं.

"हेल्मेटमधली शिंक ग्राह्य," ते म्हणाले. "साठ."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण प्रत्येकाच्या हातात नाक होतं. पण उर्वी बादली घेऊन आली आणि ती फिरली. वर आंबा खात बसून शर्यत चुकवलेल्या लोकांनी झालेल्या गोष्टीची भरपाई केल्यासारख्या नोटा टाकल्या. फुटलेल्या पोत्यांतली मिरची तिथेच किलोवर विकली गेली. मसाला तर सगळ्यांना करायचाच होता.

पापडवाल्याचा फोन आला तेव्हा उर्वी जरा घाबरली होती. रिकामी फरशी आणि चप्पल बघणाऱ्यांची संख्या नऊ हजारांवर गेली होती. तो म्हणाला, पैसे पाठवतो, आणि पुढच्या वर्षी चपलेजवळ पापडाचं पाकीट ठेवता येईल का.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली. मे महिन्याचा दुसरा रविवार शर्यतीसाठी राखीव. प्रत्येक घराने एक गादी आणि ती धरायला दोन माणसं पाठवावीत. कॅमेरा रेषेपर्यंतच, रेषेच्या पुढचं दाखवण्यास सक्त मनाई. सहीखाली लाल बोटाचा ठसा उमटला होता, तो पुसलेला नव्हता.

पद्मजाताईंनी बादली घरी नेऊन जमिनीवर उपडी केली. नोटा झटकताना त्या पुन्हा दोनदा शिंकल्या. तळाशी शर्टाचं बटण होतं, गेल्या वर्षीच्याच जातीचं, चार भोकांचं, कडेला निळी रेघ असलेलं. त्यांनी वसंतरावांना फोन लावला.

"दादा, अजून पाच वर्षं तरी ही शर्यत व्हायला हवी."

"का गो?"

"मग शर्ट पुरा होईल. बघू तरी कोणाचा आहे."