सातेनिकची नजर

माझा भाऊ मेरुझान मूर्तिकार आहे. राजधानीत, येरेवानच्या प्रदर्शनात, लोक वाइनचे पेले हातात घेऊन त्याच्या मूर्तींभोवती फिरतात, पण आमच्या घरची चूल पेटते ती थडग्यांवर मेलेल्यांचे चेहरे कोरून. आमच्या गावी, ग्युमरीत, माणूस गेला की घरचे आधी पाद्र्याकडे जातात, मग आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. "मेरो, नाक जरा सरळ कर हं, जिवंतपणी वाकडं होतं." मेरो हो म्हणतो आणि नाक वाकडंच करतो. दगडापुढे त्याला खोटं बोलता येत नाही. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

गुर्गेन त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. झोपेतच गेला. त्याच्या आईनं, येरानुही मावशीनं, काळा दगड आमच्याकडे धाडला. आमच्या रीतीनं एकाच दगडात दोघं कोरायची, गेलेला नवरा आणि शेजारी जिवंत बायको. तिचं नाव, जन्मसाल घालायचं, पुढे रेघ मारायची आणि रेघेपुढची जागा कोरी सोडायची. तिची वेळ आली की भरायची. म्हणून गुर्गेनची बायको सातेनिक तो सबंध हिवाळा शेडमध्ये येऊन मेरोसमोर बसत होती. कॉफी मीच नेऊन द्यायचे. सुरुवातीला दोघं गुर्गेनबद्दल बोलायची. मग नुसतीच बसायला लागली. मी काय आंधळी आहे? पण पन्नाशी उलटलेला माझा बिनलग्नाचा भाऊ रोज दाढी करायला लागला होता. मी मूग गिळून गप्प बसले.

दगड उभा राहिला. पुढे चार वर्षं दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. यंदा थंडी सरताना मेरोनं एकदाचं लग्नाचं विचारलं, तेही माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यादेखत.

"येईन," सातेनिक म्हणाली. "पण आधी मला त्या दगडातून काढ. दर वर्षी माझ्याच थडग्यावर फुलं ठेवते मी. इथे तुझ्या घरात नांदायचं आणि तिकडे गुर्गेनशेजारी बसायचं, हे मला जमायचं नाही."

मेरो छिन्नी-हातोडा घेऊन दफनभूमीत गेला आणि तसाच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत.

"काय रे, दगड कडक झाला का?" मी टोमणा मारला.

"अक्का, गुर्गेनचा खांदा मी तिच्याकडे झुकलेला कोरलाय. तिला काढली तर तो कुणावर टेकणार? दोस्ताची बायको चोरली, आता त्याच्या शेजारूनही माझ्याच हातानं उठवू?"

"चोरली कसली! मेलेल्याची चोरी होते का?"

"तो मेल्यावर केली म्हणूनच जास्त वाईट. त्याला भांडताही आलं नाही."

दगडाखाली हात सापडलेला माणूस तो. जेवण निम्मं ताटातच राहायला लागलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापल्या मेलेल्यांना भेटायला जातं. आम्हीही गेलो. सातेनिक डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिली. येरानुही मावशी लाल अंडी आणि धूप घेऊन लेकाच्या थडग्यापाशी बसली होती. मेरोनं वोडका ओतली, एक घोट गुर्गेनच्या दगडावर, एक स्वतःच्या घशात. तो वळणार तोच मावशीनं त्याची बाही धरली.

"मेरो, इकडे बघ. दगडातली ही बाई माझ्या पोराकडे बघतेय का?"

मेरोनं वोडकाची बाटली खाली ठेवली.

"पोर हिच्याकडे झुकलंय. आणि ही कुणाकडे बघतेय? समोर. समोर कोण बसलं होतं?"

"मावशी, त्या दिवसांत उजेड असा..."

"उजेडाचं मला नको शिकवूस. दगड बसवला त्या दिवशीच दिसलं मला. वाटलं, आज नाही उद्या येऊन सांगशील."

"मला माफ कर, मावशी."

"माफी पाद्र्याकडे माग. मला एवढंच सांग, हिच्या तोंडातून माझं तोंड निघेल का?"

मला आधी कळेचना. मेरोला कळलं. कितीतरी वेळ तो दगडावरून बोटं फिरवत राहिला.

"निघेल. दगडात काही वाढवता येत नाही, कमीच करता येतं. तिचे गाल भरलेत, तुझे बसलेत. तिचा गाल उतरवला की मानही गुर्गेनकडे वळेल."

"म्हणजे दगडसुद्धा लगेच म्हातारा होतो म्हणायचा. कर मग सुरू. त्याच्याकडे बघणारं कुणीतरी पाहिजे ना त्याला."

मे महिनाभर मावशी दफनभूमीत स्टुलावर बसली. सातेनिक मेरोकडे बघायची, ही एकदाही बघत नव्हती. सगळा वेळ नजर गुर्गेनवर. "तुझं दुखणं मला येवो, बाळा" हे आम्ही मायेनं भाजीवाल्यालाही म्हणतो, पण एरवी ते तोंडभर म्हणणारी ही म्हातारी मेरोला तेवढंही म्हणेना. तो कामावरून यायचा तो मार खाऊन आल्यासारखा.

चेहऱ्याबरोबर सातेनिकचं नाव आणि जन्मसालही घासून त्यानं मावशीचं कोरलं. शेवटच्या दिवशी कान उरला. दगडी कानात सातेनिकचं कानातलं होतं, डाळिंबाच्या दाण्याएवढंसं गोल. मेरोनं ते उडवायला छिन्नी लावली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "माझंच आहे ते. लग्नात मीच घातलं होतं तिच्या कानात."

मेरोशी लग्न लागायच्या आदल्या दिवशी सातेनिकनं खरी कानातली काढून, रुमालात बांधून माझ्या हातात ठेवली. "माझ्याच्यानं नाही होणार. तूच नेऊन दे." मी गेले. मावशी पीठ मळत होती. रुमाल सोडून आत बघितलं आणि तसाच मला परत दिला.

"माझी माझ्या कानात आहेत, दगडात. ही सुनेची. सून दुसऱ्या घरी गेली म्हणून दिलेलं परत घ्यायला मी काय सावकार आहे? आणि मेरोला सांग, माझ्या नावापुढची जागा त्यानंच भरायची. म्हणावं, तुझं दुखणं मला येवो."

मी घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितला. सातेनिकनं रडत रडत ती कानातली घातली आणि मेरोसमोर जाऊन उभी राहिली.

"बघ तरी माझ्याकडे," ती म्हणाली.

तीच कानातली त्यानं दगडात मावशीच्या कानात ठेवली होती. त्याला बघवेना.