पाय धुवा, मग आत या

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. देवळातला नाही, सिद्धगडाच्या तटाचाही नाही. पाय धुवायचा दगड. धसईजवळच्या देवजींनी मला ओढ्यातून बैलगाडीवर आणलं नि अंगणात मांडलं. शेतातला चिखल, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाची राख, गोठ्यातलं शेण, सगळं माझ्या पाठीवर उतरायचं. पायांना वास येतो, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. उघडे पाय ते, वाऱ्यावर वाळायचे.

नव्वदच्या दशकात देवजींच्या लेकीला, जनाला, बघायला शहापूरकडचा ज्ञानेश्वर आला. आसनगावच्या कारखान्यातली पाळी संपवून, कामाचे जाड बूट घालून तसाच.

"या ना आत," जनाची आई कमळाबाई म्हणाली.

"नको, इथंच बरंय." तो ओट्याच्या कडेला बसला. बूट काही काढीना.

आत देवजी कुजबुजले, "बूट काढाया जड झालंय त्याला. आपलं घर नाय आवडलं. जाऊ दे परत."

दाराआडून पाहिलेलं ते लाजरं तोंड जनाला मात्र आवडलं होतं. ती बादली घेऊन बाहेर आली नि वाऱ्याबरोबर तिला सगळं उमगलं.

"आमच्यात पाय धुतल्याबिगर चहा नाय मिळत," म्हणाली, आणि फडकं आणायच्या निमित्तानं पाठ फिरवून आत गेली. परत यायला मुद्दाम वेळ लावला.

मोजे निघाले. पांढरे, सुरकुतलेले, ओलसर तळवे माझ्यावर टेकले.

जना फडकं घेऊन आली तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "वास येतो हो फार."

"कोंडलंय म्हणून येतो. भाताचं पोतं वल्लं बांधून ठेवा, तेबी वास मारतं. त्यात भाताचा काय दोष? बोटांच्या बेचक्यांत नीट पुसा."

तो हसला, आत गेला. चहा दोनदा घेतला.

लग्नात त्यानं सासऱ्यांकडे एकच गोष्ट मागितली: मला! "हुंड्यात धोंडा!" म्हणून वऱ्हाड हसलं.

मग रोज संध्याकाळी साबणानं पाय धुणं, बेचक्यांतली ओल टिपणं. मोज्यांचा एक जोड पायात, दुसरा दोरीवर. सुट्टीला बूट माझ्या अंगावर ऊन खात, जिभा बाहेर काढून. एकदा बोटांत खाज सुटली, तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं नि म्हणाले, "घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. ओल्या अंधारात बारीक जंतू माजतात, वास त्यांचा."

पुढे घरात फरशीची मोरी आली नि मी परसात गेलो. शेवाळ धरलं. कोंबडीखेरीज कुणी टेकेना. वाटलं, सरलं आपलं.

एक दिवस त्यांची लेक मनस्वी शाळेतून आली ती थेट माझ्यावर येऊन बसली. बूट पायात, डोळे भरलेले. वर्गात पोरींनी नाकं धरली होती.

जना तांब्या घेऊन आली. "पोतं वल्लं राह्यलं का गो?"

मनस्वीला काही कळलं नाही. पण पडवीतून ज्ञानेश्वर खो खो हसला, आणि आपले मोजे काढत लेकीशेजारी येऊन टेकला. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर चार पाय भिजले.

मित्रांनो, पाय धुवा, कोरडे करा, बूट-मोज्यांना ऊन दाखवा. आणि कुणाच्या पायांना वास आलाच, तर नाक धरू नका. तांब्याभर पाणी पुढे करा, नि जरा वेळ पाठ फिरवा.