काचेपलीकडचं नमन

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. माझ्यावरून ना गावाला फोन लागतो, ना बाजारात. बेनिन शहरातल्या एका रुग्णालयात माझा एक कान जाड काचेच्या आत आहे आणि दुसरा बाहेर. नवा होतो तेव्हा मला रोज पुसत. हल्ली लोक मोबाइल काढतात आणि माझ्यावर टोप्या अडकवतात.

काचेआड नऊ वर्षांची इसोकेन होती. तिच्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकायच्या आणि हाडं ठणकायची. डॉक्टरांनी औषधं देऊन तिची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, संपवली आणि तिचा मोठा भाऊ ओसाहोन याच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज तिला शिरेतून दिला. तो रुजला तरच पोर वाचणार होती आणि तोवर साधा जंतूही घातक, म्हणून तिला काचेआड ठेवलं होतं.

इकडे धाकट्यांनी रोज सकाळी गुडघे टेकून थोरांना नमन करायचं असतं, आपापल्या घराण्याच्या ठरलेल्या शब्दांत. इसोकेन ते माझ्यातून करायची आणि भाऊ ऐटीत म्हणायचा, "जरा मोठ्यानं. आता रक्तसुद्धा माझंच वाहणार तुझ्यात."

मग त्या कडक औषधांनी तिचं तोंड आतून फोडांनी भरलं. तिनं औषध गिळणं सोडलं, नमन आणि बोलणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वाजत राहिलो. दुसरं मला येतं तरी काय?

एका सकाळी आतल्या नर्सबाईंनी माझा कान तिच्या उशीशी धरला. बाहेर ओसाहोननं चक्क गुडघे टेकले आणि धाकट्या बहिणीला नमन केलं. त्याची आई कळवळली, "अरे, ऊठ. उलटी रीत करतोस? लोक बघताहेत."

इसोकेन वळली. "दादा, वेडा झालास का? ऊठ आधी."

"औषध घे, मग उठतो."

"गुडघे दुखतील तुझे."

"कंबर दुखतेच आहे, त्यात गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस?"

ती हसली आणि रडत रडत तिनं औषध गिळलं.

नमनानं मगज रुजत नाही, हे मलाही कळतं. पुढेही बरेच दिवस काळजीत गेले. शेवटी नर्सबाई माझ्यातूनच म्हणाल्या, "आई, नव्या पेशी दिसायला लागल्या." ती माउली मला छातीशी धरून बसून राहिली.

घरी जायच्या दिवशी इसोकेन काचेबाहेर आली आणि भावापुढे वाकली. गुडघे टेकायच्या आतच त्यानं तिला उचललं. त्या दिवशी मला कुणी हात लावला नाही आणि मला त्याचाच आनंद झाला.

मित्रांनो, आपलं आजारी माणूस बोललं नाही, तर रुसू नका. मोठेपण बाजूला ठेवा आणि आधी तुम्हीच हाक मारा.