माझी तारीख धाकट्याला दिली

दोष आबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच काळाला, परिस्थितीला दूषणं देत बसणार नाही. आबांचा, आणि त्यांच्या समितीत बसून मान डोलावणाऱ्या सगळ्या पिकल्या डोक्यांचा.

मी बोलतोय, या देशाचा पहिला झेंडा. दरवर्षी तुम्ही छाती काढून ज्याला सलाम ठोकता तो मी नव्हे. तो रेशमी, माझा धाकटा भाऊ. चार दिवसांनी धाकटा. त्याचं नाव काढलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. होऊ दे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. अर्धा मी खिडकीचा निळा पडदा होतो, अर्धा पलंगावरची चादर. शिंप्याची भाची मशीनपाशी उभी राहून सारखी घाई करत होती.

"मामा, दुहेरी शिलाई घाल. वर गेल्यावर उसवला तर गावभर माझी शोभा होईल."

"तू आधी धड चढ. उसवायचं माझ्यावर सोड."

"आणि मामीला पडद्याचं सांगू नकोस हं."

"तिला कळलंय. मघापासून खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवत बसलीय."

भाची खळखळून हसली. मला पोटाशी गुंडाळून ती सरकारी कचेरीच्या गच्चीवर चढली. दोरी आणायची राहिली होती, म्हणून परकराची नाडी ओढून काढली आणि त्या नाडीनंच मला काठीला बांधलं. तो बाजाराचा दिवस होता. खाली भाजीवाल्या तराजू सोडून वर बघायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळा रस्ताच वाजायला लागला.

पलीकडच्या बराकीतून एक गोळी आली. भाची माझ्या पायाशी बसली ती उठलीच नाही. पण गर्दीही हलली नाही. दिवस मावळायच्या आत जुन्या सरकारचे अधिकारी मागच्या दारानं पळाले होते. देश झाला तो त्या दिवशी. मी बघितलाय, वरून.

आणि चळवळीचे पुढारी, आमचे आबा, कुठे होते? जावयाकडे. सर्दी झाली होती म्हणून गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. चार दिवसांनी मोटारीतून आले, सोबत एक लांबोडका खोका. खोक्यात धाकटा. कारखान्यात शिवलेला, कडेला झालर, दोरी आधीपासून ओवलेली.

आबांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय पडद्यासारखं लावलंय?"

पडदाच होतो मी. म्हणून तर जास्त झोंबलं. मला उतरवलं, त्याला चढवलं, आबांनी लांबलचक भाषण ठोकलं, फोटो निघाला. मला बोळा करून कपाटात कोंबलं.

कपाटातून बाहेर काढलं ते थेट समितीच्या बैठकीत. राष्ट्रीय दिन कोणत्या तारखेला पाळायचा, हे ठरवायला म्हातारे जमले होते. टेबल ओबडधोबड होतं. शिपायानं हाताला लागलं ते कापड काढून टेबलावर अंथरलं. ते कापड मी. माझ्याच पाठीवर चहाचे कप ठेवून त्यांनी माझ्या नशिबाचा निकाल लावला.

सचिव त्यातल्या त्यात सरळ होता. म्हणाला, "झेंडा चढला तीच तारीख धरू. मी मास्तरांनाही बोलावलंय." मास्तर म्हणजे आमचा शिंपीमामा. दाराशी हात बांधून उभा होता.

समितीतले शेठ म्हणाले, "तो बाजाराचा वार होता हो. लोकांच्या डोक्यात बाजार आणि राष्ट्र एक होऊन बसेल."

"दरवर्षी वार बदलतो, शेठजी."

"हो का? मग असू दे. तरी नको."

निवृत्त न्यायाधीश खाकरले. "त्या दिवसाचा फोटो आहे का?"

"फोटोवाला पळाला होता, साहेब," मामा दारातून म्हणाला.

"बघा! पुरावा नाही."

मग आबांनी चष्मा पुसत मुद्द्याला हात घातला. "मास्तर, तुमची भाची धीट होती, कोण नाही म्हणतंय? पण त्या दिवशी भाषण झालं का? घरात बारसं आहे आणि वडीलधारं माणूसच हजर नाही, असं चालतं का?"

"आबा, बारसं बाराव्या दिवशी होतं," मामा म्हणाला, "वाढदिवस जन्माच्याच तारखेला करतात."

मला वाटलं, जिंकलो. शेठनी घसा साफ केला. "दोन्ही दिवस सुट्टी देऊन टाकू."

"दोन सुट्ट्या?" आबा कडाडले. "देश नुकता जागा झालाय. लगेच पुन्हा झोपवायचा?"

सगळे मनापासून हसले. हसण्याच्या भरात न्यायाधीशांचा कप लवंडला आणि भाषणाची तारीख मंजूर झाली. सचिवानं खाली बघत सही केली.

"पुसा ते त्याच कापडानं," आबा म्हणाले.

"तो झेंडा आहे, आबा," मामा म्हणाला.

"असं होय! मग तुम्हीच घेऊन जा घरी."

मामानं मला घरी नेलं. चहाचा डाग मामीनं दोनदा धुतला, गेला नाही.

पुढे मामाचं दुकान चालेना. तो झेंड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसला. मला त्यानं मशीनच्या खणात ठेवलंय. माझ्या डोक्यावर वर्षभर रेशीम सरकतं, आणि राष्ट्रीय दिन जवळ आला की ढिगाऱ्यानं. धाकटा शाळांमध्ये जातो, मैदानांवर जातो, त्याच्याखाली पोरांना पेढे वाटतात. मला एका शाळेचं फाटकही ठाऊक नाही. जळतो मी, अगदी धाग्याधाग्यानं.

काल मामा मुकादमाकडे गेला. मुकादम पोरगेलासा, त्या वेळी पाळण्यात असेल.

"साहेब, उद्या रजा हवी होती."

"उद्या? मामा, ऐन घाईत? चार दिवस कळ काढा, मग सुट्टीच आहे की अख्ख्या देशाला."

"भाचीचा दिवस असतो उद्या."

"मग त्या सुट्टीत करा ना. कुठे पळून चाललाय दिवस?"

मामानं परत येऊन सुईत दोरा ओवला. दर वर्षी तो रजा मागतो आणि दर वर्षी हेच उत्तर मिळतं. आबांनी तारीख पुढे ढकलली आणि भाची नेमकी घाईच्या दिवसांत सापडली.

मला सलाम नको. माझ्या तारखेला या एका माणसाचं मशीन बंद राहू द्या, एवढंच. पण ऐकणार कोण? जे ठरवतात ते आबांच्याच वयाचे झालेत.

आज ती तारीख आहे. सकाळपासून मामानं माझे चाळीस धाकटे भाऊ शिवले. भाचीच्या दिवशी त्याला आजवर एकदाही सुट्टी मिळालेली नाही.